मदत हवी आहे : अंगणात सरडीने अंडी घातलीत, फरशीचं काम तोंडावर

नमस्कार मंडळी. आमचं घर चिपळूणजवळ, पुढे मातीचं अंगण. ट्यूबलाइटमागे पाली, जास्वंदीवर सरडे, पायरीच्या फटीत एक सापसुरळी. मी भांडी घासायला बसले की ती हातभर अंतरावर ऊन खात पडते, खरकट्यावरच्या माश्या टिपते. ती विषारी नाही हे सासूबाईंना पटायला दोन वर्षं लागली. आता त्याच तिला जपतात.

गेल्या रविवारी एका सरडीने तुळशीवृंदावनाच्या कडेला पुढच्या पायांनी खड्डा उकरला. पांढरी लांबट अंडी घातली, माती ओढली आणि नाकाडाने दाबून दाबून जागा अशी सारखी केली की पाहिलं नसतं तर कळलंच नसतं. दहा-बारा तरी असतील.

आता पावसाच्या आत तिथे फरशी बसायची आहे, गवंड्याला आगाऊ पैसेही दिलेत. पिल्लं यायला दीडेक महिना तरी लागतो. अंडी उचलताना वरची बाजू खाली गेली तर आतला जीव दगावू शकतो, म्हणून हात लावायची हिंमत होत नाही.

कुणी अशी अंडी हलवली आहेत का? वर पेन्सिलीची खूण करून मातीसकट कुंडीत ठेवली तर जगतील? ओल किती ठेवायची? की दोन फुटांचा तुकडा फरशीविना सोडू? माझा कल त्याकडेच आहे, पण पावसाचं पाणी तिथे साचतं, शिवाय शेजारची मांजर येते. पिल्लं निघतील पण मांजरीचा पंजा जाणार नाही, अशी जाळी कोणती घेऊ? गवंडी सोमवारी येणार आहे.