पाय टेकावेत म्हणून मोटरसायकलचे सस्पेन्शन खाली घ्यावे का?

वळणवाट:
दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सस्पेन्शन खाली घेण्याला माझा विरोध आहे. बहुतेक जण मागच्या शॉकअपला लांब लिंक (त्याच्या जोडणीतली पट्टी) बसवतात आणि पुढच्या बाजूला हातही लावत नाहीत. दोन चाकांमधले अंतर १४०० मिमी असेल आणि मागची बाजू २५ मिमी खाली आली, तर सगळी गाडी साधारण एका अंशाने मागे कलते. त्यामुळे पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्या) तेवढाच अधिक तिरका होतो, ट्रेल (हँडल ज्या आसाभोवती वळते त्याची रेषा जमिनीला मिळते, तिथून पुढचे चाक जितके मागे टेकते ते अंतर) वाढतो आणि वळणात शिरताना गाडी आळसावल्यासारखी वागते. शिवाय फूटरेस्ट लवकर घासू लागतात, म्हणजे वळण अचानक आवळले गेले तर आणखी झुकायला वाव उरत नाही. थांबल्यावरच्या सोयीसाठी चालत्या गाडीचा स्वभाव बिघडवणे मला पटत नाही.

स्थिरपाद:
ज्यांचे पाय सहज टेकतात, त्यांना असे म्हणणे सोपे आहे. उतारावर, खडी पसरलेल्या जागी केवळ चवडा टेकत असेल, तर २०० किलोची गाडी कलू लागल्यावर सावरत नाही, आणि ती धास्ती घेऊन चालवणारा स्वार वळणातही अंग आखडून बसतो. आपण सांगितलेला दोष मुख्यतः एकाच बाजूने केलेल्या बदलाचा आहे. फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमधून, म्हणजे त्यांना धरणाऱ्या पकडीतून, वर सरकवून पुढची बाजूही तेवढीच उतरवली, तर कोन जवळपास पूर्ववत होतो.

पानाकर:
कोन पूर्ववत झाला तरी प्रश्न संपत नाही. नळ्या वर सरकवल्याने फोर्कची चाल, म्हणजे दबण्याचा पल्ला, कमी होत नाही. म्हणून तो पूर्ण दाबला गेल्यावर चाक किंवा मडगार्ड रेडिएटरला अथवा खालच्या क्लॅम्पला लागत नाही ना, हे तपासावेच लागते. लांब लिंकमुळे शॉकअपवरची तरफ बदलते, मूळ स्प्रिंग बहुधा नरम पडते आणि मागे कोणी बसले की सस्पेन्शन तळाला आपटते. साइड स्टँड आखूड केला नाही, तर उभी केलेली गाडी पुरेशी कलत नाही आणि किरकोळ धक्क्यानेही पलीकडे पडू शकते. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) सैल करून उंची उतरवणे मी सर्वांत वाईट मानतो. करायचेच असेल, तर शॉकअप आणि फोर्क आतून आखूड करून घ्यावेत व स्वाराच्या वजनाला साजेशी स्प्रिंग बसवावी.

वळणवाट:
त्यात चाल कमी होते, हेच मला खटकते. आधी सीटचा फोम कमी करावा आणि तिची पुढची बाजू अरुंद करावी. पाय सरळ खाली जातात आणि सस्पेन्शनला धक्का लागत नाही.

स्थिरपाद:
सीट आधी, हे मान्य. परंतु खडबडीत वाटांसाठीच्या अनेक गाड्यांची सीट ८५० मिमीहून उंच असते, आणि ती कोरूनही पाय टेकत नाहीत असे स्वार आहेत. अशांनी पानाकर सांगतात तसे काम करून घ्यावे, झुकण्याची नवी मर्यादा मोकळ्या जागी हळूहळू ओळखावी आणि मगच रहदारीत जावे. मोठ्या दगडांच्या वाटा त्यांना सोडाव्या लागतील, पण गाडीच सोडा असे त्यांना सांगणे मला अन्यायाचे वाटते.