उजवा रकाना खाली का घसरते?

पऱ्हाटीवाला (दर्यापूर तालुका): कापूस-तुरीच्या भावाचं वेबपान बनवून राहिलो. एक्सएचटीएमएल १.० स्ट्रिक्ट (वेबपानाच्या भाषेचा कडक प्रकार), टेबल कुठंच नाही. डावा रकाना ७० टक्के, उजवा ३०, दोन्ही फ्लोट (बाजूला सरकवून शेजारी बसवलेले), पॅडिंग (आतली मोकळी जागा) १० पिक्सेल. उजवा खाली पडते. सर्व्हरवर टाकल्यावर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, घरच्या कॉम्प्युटरवर बरोबर दिसते.

संत्राबाग: भाऊ, विड्थ म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी. पॅडिंग अन् बॉर्डर तिच्यावर वेगळी चढते. दोन रकान्यांचे ४० पिक्सेल जास्त झाले, म्हणून जागा पुरत नाही. दोघांनाही बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स द्या, मंग पॅडिंग-बॉर्डर विड्थच्या आतच मोजते. मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) मात्र त्यातही धरत नाही, ते शून्य ठेवा. फूटरला (पानाच्या तळच्या पट्टीला) क्लिअर बोथ लावा, म्हणजे तो दोन्ही रकान्यांखाली बसते, नाहीतर तो वर घुसते.

वऱ्हाडी_कोड: चिन्हांचं कारण बहुतेक सर्व्हरचा कॅरेक्टर सेट (अक्षरं कशी वाचायची ते सांगणारा). सर्व्हर पानासोबत पाठवते त्या हेडरमध्ये तो दिला असला तर पानातल्या मेटा टॅगला कोणी विचारत नाही. दोन्हीकडे यूटीएफ-८ (मराठी चालते असा सेट) करा, फाइलही त्यातच, बीओएम (फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण) न लावता सेव्ह करा. अन् मराठी मजकुराला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) देऊ नका, शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ ठेवली की मात्रा एकमेकांत अडकत नाहीत.

संत्राबाग: अजून एक. टेबल नाही म्हणता, पण भावाचा तक्ता टेबलातच पाहिजे! बंदी पानाच्या मांडणीसाठी आहे, आकड्यांसाठी नाही. शीर्षकाच्या खान्यांना टीएच टॅग अन् स्कोप (शीर्षक ओळीचं की रकान्याचं ते सांगणारा) द्या. मोबाइलसाठी व्ह्यूपोर्ट मेटा (पान स्क्रीनच्या रुंदीत बसवणारा टॅग) टाका, ६०० पिक्सेलखाली फ्लोट काढून दोन्ही रकाने १०० टक्के करा.

पऱ्हाटीवाला: रकाना बसला जी. हेडर पाहतो आता.