मदत हवी आहे: टकरमनच्या लेफ्ट गलीत वरचा बर्फ मऊ झालाय, हे खालून कसं ओळखायचं?

टकरमन ही माउंट वॉशिंग्टनवरची (न्यू हॅम्पशर, अमेरिका) दरी, लेफ्ट गली ही तिच्यातली बर्फाची नाळ. एप्रिलअखेर स्नोबोर्डने लेफ्ट गली उतरायची आहे. सह्याद्रीतल्या नाळेसारखीच अरुंद, वर उतार साधारण 45 अंश. आम्ही दोघं, स्प्लिटबोर्ड (चढताना दोन भाग होणारा स्नोबोर्ड), मऊ बूट, पट्ट्यांचे क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे काटे), आइस अॅक्स, हेल्मेट, हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचे बीकन-प्रोब-फावडं सगळं आहे. चढाईही नाळेतूनच.

अडचण वेळेची आहे. नाळ ईशान्येकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन सकाळी मिळतं, दुपारी सावली लवकर येते आणि मऊ झालेला थर पुन्हा कडक होतो. तिथे बोर्डची कड सुटली तर थांबणं जवळपास अशक्य. उलट फार उशीर केला तर वळणाबरोबर ओला बर्फ सुटून पायाखालून वाहतो.

दोनदा प्रयत्न झाला. नाळेच्या खाली असलेल्या हर्मिट लेकपाशी बूट पाच सेंटीमीटर रुतायला लागल्यावर निघालो, पण नाळेच्या वरच्या एक-तृतीयांश भागात टाचही रुतेना. दोन्ही वेळा तिथूनच परतलो. वारा असला की ऊन असूनही वरचा थर वितळत नाही, एवढं लक्षात आलं. रात्रीचं तापमान, शिखरावरचा वारा आणि हिमस्खलनाचा अंदाज रोज पाहतो. त्याच दरीतली राइट गली दक्षिणेकडे तोंड करून असल्याने आधी मऊ होते हे माहीत आहे. तिचा पर्याय नको, तोवर तिच्यात सलग बर्फ उरेलच असं नाही.

ज्यांनी ही नाळ बोर्डने उतरली आहे त्यांनी सांगावं: निरभ्र, कमी वाऱ्याच्या दिवशी माथ्यावर किती वाजता पोचावं, आणि चढताना कोणत्या उंचीवर, कोणती खूण पाहून मागे फिरायचं ठरवता?