नाशिकहून विमान : ओझरच्या मार्गांवरचे तुमचे अनुभव (अनुभव धागा)

इंदिरानगरी

ओझरच्या विमानतळाबद्दल नाशिकमध्ये दोन मतं आहेत आणि दोन्ही ठाम. एक म्हणजे 'तिथून काही मिळत नाही, सरळ मुंबई गाठा'. दुसरं, 'मुंबईला जायचा खर्च आणि वैताग धरत नाही म्हणून ओझर महाग वाटतं'. वाद घालून झाला, आता अनुभव लिहू या.

आठवणीसाठी थोडी उजळणी. टर्मिनल २०१४ मध्ये तयार झालं, पण बरीच वर्षं तिथे शुकशुकाटच होता. लहान शहरं विमानाने जोडणारी सरकारची 'उडान' योजना आल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं इवलंसं बीचक्राफ्ट आलं. जून २०१८ मध्ये जेट एअरवेजने दिल्ली सुरू केली, आणि एप्रिल २०१९ मध्ये जेटच बसली. २०१९ मध्येच अलायन्स एअर आणि ट्रूजेट या दोघी अहमदाबादला जाऊ लागल्या. २०२० च्या शेवटी स्पाइसजेट, २०२१ च्या सुरुवातीला बेळगावसाठी स्टार एअर, आणि मार्च २०२३ मध्ये गोवा-अहमदाबाद-नागपूर घेऊन इंडिगो. इतक्या कंपन्या आल्या-गेल्या की विमानतळाच्या रस्त्यावरचा चहावाला त्यांच्या नावांवरून साल सांगतो.

मला जाणून घ्यायचंय ते एवढंच: एकाच मार्गावर दोन कंपन्या होत्या तेव्हा आणि एकच उरली तेव्हा, तुमच्या खिशाला आणि वेळेला नेमका काय फरक पडला? कंपनीला शिव्या घालायच्या असतील तर नाव न घेता घाला.

अंबडचा कारखानदार

अहमदाबादचं मी सांगतो. आमचा यंत्रांच्या सुट्या भागांचा धंदा, तिथल्या वटवा आणि नरोडा या कारखान्यांच्या भागात सतत जाणं-येणं. पूर्वी रात्रीची स्लीपर बस, सापुताऱ्याचा घाट, पहाटे डोळे चोळत उतरायचं आणि तसंच पार्टीच्या ऑफिसात जाऊन बसायचं. रेल्वेने जायचं तर मुंबईकडे उतरून पुन्हा वर चढायचं, म्हणजे द्राविडी प्राणायाम.

दोन कंपन्या होत्या त्या काळात एकीने भाव उतरवला की दुसरीचाही उतरायचा. एकाच थांब्यावर वडापच्या दोन जीप लागल्या की शीट हाताला धरून बसवतात ना, तसं. पण भावापेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त उपयोगी पडली. जाताना एकीचं तिकीट, येताना दुसरीचं. काम लवकर उरकलं तर पर्याय हाताशी, लांबलं तरी हाताशी. रिटर्न तिकीट एकत्र काढायचंच नाही, असा आमच्या ऑफिसचा शिरस्ता झाला होता.

मग लॉकडाऊन आला. ट्रूजेट २०२२ च्या फेब्रुवारीत कायमची थांबली. लोक म्हणतात एकच कंपनी उरली की भाव दुप्पट होतो. माझ्या बाबतीत तिकीट काही तेवढं चढलं नाही. वेळ मात्र त्यांच्या सोयीची झाली. पार्टी म्हणते अकराला या, विमान म्हणतं दुपारी निघू. म्हणजे मुक्काम आला, हॉटेल आलं, दुसऱ्या दिवशीची रोजी गेली. हा खर्च तिकिटावर छापलेला नसतो.

कांदाभजी

वेळेचं अगदी बरोबर. भावावर सगळे भांडतात, वेळेवर कोणी बोलत नाही.

शरणपूर रोडची तिकीटवाली

धंदा तिकिटांचा असल्यामुळे रोज एकच प्रश्न झेलते: 'ताई, शेजाऱ्याला दोन हजारात मिळालं आणि मला सहा हजार कसं काय सांगता?'

उडानच्या मार्गावर साधारण एका तासाच्या प्रवासाला अडीच हजारांची मर्यादा ठेवली होती, पण ती सगळ्या जागांना नव्हती. साधारण निम्म्या जागा त्या दरात, बाकीच्या बाजारभावाने. शेजारी त्या निम्म्यांत बसला, तुम्ही नाही बसलात. कंपनीला होणारा तोटा सरकार भरून द्यायचं, त्यात केंद्राचा वाटा मोठा आणि राज्याचा २० टक्के. केंद्राच्या वाट्याचा पैसाही मोठ्या शहरांमधल्या विमानांवर फेरीमागे आकार लावून उभा केलेला. म्हणजे मुंबई-दिल्ली करणारा प्रवासी नाशिक-अहमदाबादवाल्याच्या तिकिटात थोडी भर घालत होता. आणि हा आधार फक्त तीन वर्षांचा. मुदत संपली की कंपनी हिशेब मांडते आणि बऱ्याचदा गाशा गुंडाळते. २०२२ च्या अखेरीला आपल्याकडे ते पाहिलंच की.

आता वेळेचं. लहान मार्गावरचं विमान दिवसभर एका गावाहून दुसऱ्या गावाला फिरत असतं. सकाळी हैदराबादहून निघालेलं एटीआर (लहान, पंख्याचं विमान) आपल्याकडे येईपर्यंत त्याच्या दोन-तीन फेऱ्या झालेल्या असतात. पहिल्या फेरीला धुकं लागलं तर उशीर गोळा होत होत ओझरला उतरतो. मोठ्या विमानतळांवर सकाळ-संध्याकाळच्या सोयीच्या वेळा मोठ्या मार्गांनी आधीच धरलेल्या असतात, लहान गावाच्या वाट्याला उरलेल्या येतात. दोन कंपन्या असल्या तर निदान दोन वेगवेगळ्या उरलेल्या वेळा मिळतात!

सिन्नरचा मी

तुम्ही सगळे ओझर-ओझर करताय, आमच्या बाजूला स्पर्धा काकडीशी आहे. काकडी म्हणजे शिर्डी विमानतळ, २०१७ च्या ऑक्टोबरला सुरू झालेला. सिन्नरहून समृद्धीने गेलं तर नाशिकची वाहतूक पार करून ओझरला पोचण्यापेक्षा डोक्याला ताप कमी. द्वारका चौकात एकदा अडकून बघा म्हणजे कळेल. भाविकांमुळे तिथे दक्षिणेकडची विमानं भरून येतात, म्हणून कंपन्याही टिकतात. ओझरला साईबाबा नाहीत, हाच काय तो फरक.

कॉलेज रोड

शिर्डीचा विषय निघाला म्हणून लिहिते. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मला मुंबईची मिळाली नाही, हैदराबादची मिळाली. ओझरहून थेट विमान होतं, तिकीट काढलं, आई-बाबा निर्धास्त. आदल्या दिवशी दुपारी जेवत असताना मेसेज आला, 'ऑपरेशनल कारणामुळे' उड्डाण रद्द. कंपनीचं नाव नियमाप्रमाणे घेत नाही. फोन लावला तर पलीकडून शांतपणे सांगितलं, पुढचं विमान परवा. माझी मुलाखत उद्या सकाळी दहाला!

मनमाडहून अजिंठा एक्स्प्रेस पाहिली, वेटिंग तीन आकडी. बाबा म्हणाले, मुंबईला निघू. काकांनी शिर्डीचं विमान शोधून काढलं, दुसऱ्या कंपनीचं, संध्याकाळचं. कागदपत्रांची फाइल मांडीवर घेऊन मी गाडीत बसले, आई मागून ओरडत होती, 'फोटो घेतलास का, फोटो!' सिन्नर ओलांडेपर्यंत मी बोर्डिंग पास उतरवून घेतला होता. मिळालं विमान. तिकीट दुपटीहून जास्त पडलं, पण मिळालं. ओझरच्या मार्गावर दुसरी कंपनी नव्हती, ती शेजारच्या विमानतळावर सापडली. ज्यांच्या आसपास दुसरा विमानतळच नाही त्यांनी काय करायचं?

शरणपूर रोडची तिकीटवाली

@कॉलेज रोड, बाळा, परतावा घेऊन गप्प बसलीस का? नियम माहीत असू दे. रद्द झाल्याची सूचना २४ तासांच्या आत दिली, तर परतावा किंवा पर्यायी विमान याशिवाय भरपाईही मागता येते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५ हजार, एक ते दोन तासांना ७,५००, त्यावर १० हजार, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. हवामान, संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असली तर मिळत नाही, म्हणूनच 'ऑपरेशनल' म्हणजे काय ते लेखी विचारायचं. आणि तिकीट काढताना स्वतःचाच मोबाइल नंबर टाकायचा. एजंटचा टाकलात तर मेसेज एजंटला येतो आणि तुम्ही विमानतळावर.

आडगावचा गाडीवाला

नमस्कार मंडळी. माझ्या दोन गाड्या आहेत, एक मी चालवतो, एक भाचा. विमानाचं टायमिंग आम्ही कंपनीच्या आधी सांगतो, मोबाइलवर विमान हलताना दिसतं. दहाव्या मैलाला चहा घेत बसायचं, ते विमान वळलं की गाडी काढायची.

तुमचं म्हणणं असेल की ओझरला विमानं वाढली की आमचं मुंबईचं भाडं मारलं जातं. थोडं मारलं जातं, खोटं कशाला बोलू. पण मुंबईचं भाडं दिसतं तेवढं गोड नाही. घोटीला टोल, पडघ्याला टोल, कसारा घाटात एखादा कंटेनर आडवा झाला की कस्टमर मागून विचारणार, 'दादा, पोचू ना?' भिवंडी ते माजीवडा देव जाणे. जून २०२५ मध्ये समृद्धी भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू झाली, घाटाचा त्रास गेला, पण आमण्याच्या पुढचं ठाणं आहे तिथेच आहे. रिटर्न रिकामं आलं तर डिझेल अंगावर. ओझरचं भाडं लहान, पण दिवसाला दोन-तीन होतात आणि रात्री घरचं जेवण मिळतं.

एक निरीक्षण सांगतो. ओझरला दोन कंपन्या एका गावाला जायच्या तेव्हा विमानातून उतरणारी माणसं वेगळी असायची. वयस्कर जोडपी, पहिल्यांदा बसलेली, बॅगेला सुतळी बांधलेली. एक म्हातारी माझ्या गाडीत बसल्यावर पिशवीतून पाण्याची बाटली काढून म्हणाली, 'ही त्यांनी आत नेऊ दिली नाही म्हणून बाहेरच पिऊन टाकली, आता परत भरून दे.' एकच कंपनी राहिली की पुन्हा लॅपटॉपवालेच जास्त.

इंदिरानगरी

@आडगावचा गाडीवाला, तुमचा मुद्दा सगळ्यात आवडला. भाव किती उतरला यापेक्षा भाव उतरल्यावर कोण चढलं, हे जास्त बोलकं.

ओझर टाउनशिप (निवृत्त)

मी एचएएलमध्ये, म्हणजे ओझरच्या सरकारी लढाऊ विमान कारखान्यात नोकरी केली, त्यामुळे थोडं आमच्या बाजूनेही ऐका. ही धावपट्टी मुळात मिग विमानांसाठी, कारखाना १९६४ चा. पुढे सुखोई-३० इथेच जुळवली गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. नव्या विमानाच्या चाचण्या इथूनच होतात. लोक म्हणतात 'एवढी मोठी धावपट्टी आहे, मग विमानं का येत नाहीत?' धावपट्टी मोठी आहे हे खरं, पण तिची पहिली धनी प्रवासी कंपनी नाही.

कंपन्या येतात-जातात त्याचं खापर मात्र विमानतळावर फोडू नका. जेटचं बोइंग दिल्लीला जायचं ते भरलेलं जायचं, मी स्वतः पाहिलंय. जेट बंद पडली ती नाशिकमुळे नाही. अहमदाबादला जाणारी एक कंपनी संपली तीही स्वतःच्या आर्थिक अडचणींनी. आपण स्पर्धेच्या गप्पा मारतो, पण निम्मे मार्ग कंपनीच्या तिजोरीने बंद केले, प्रवाशांनी नाही.

अंबडचा कारखानदार

काका, पटलं. पण दिल्लीबाबत आणखी एक भिडू विसरलात. जानेवारी २०१९ मध्ये नाशिक रोडला थांबणारी राजधानी सुरू झाली. संध्याकाळी बसलं की सकाळी दिल्ली, जेवण हातात, बॅग कोणी तोलत नाही. आमचे चार्टर्ड अकाउंटंट विमान सोडून पुन्हा गाडीनेच जातात. म्हणतात, रात्र झोपेतच गेली, एक हॉटेल वाचलं.

पिंपळगावचा बागाईतदार

द्राक्षांना या सगळ्याचा काही उपयोग नाही, आमचा माल रीफर म्हणजे थंड कंटेनरमधून बंदराला जातो. उपयोग होतो तो खरेदीदाराचा. हंगामात दिल्लीचा व्यापारी थेट ओझरला उतरला तर दुपारी बागेत असतो. मुंबईला उतरला तर तिथला दलाल त्याला आधीच गाठतो.

बेंगळुरूतली नाशिककर

थेट विमान सुरू होईपर्यंत दिवाळीला घरी येणं म्हणजे मुंबईत रात्री उतरायचं आणि पहाटे नाशिक. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये इंडिगोने बेंगळुरू सुरू केलं, आई आता एकटी येते. पूर्वी स्पाइसजेटचंही होतं, तेव्हा मी इथे नव्हते. भाव? सणाला तेच होतं जे सगळीकडे होतं. पण मुंबईचं तिकीट, वरून टॅक्सी, आणि बाबांचा 'कुठवर आलीस' हा दर अर्ध्या तासाचा फोन, हे सगळं मिळवलं तर ओझरच स्वस्त.

कांदाभजी

२०२७ मध्ये सिंहस्थ आहे. तेव्हा सगळ्या कंपन्या येतील, बघाच. प्रश्न आहे नंतर किती राहतील.

सिन्नरचा मी

ताई, जाता जाता एक विचारतो. मेहुण्याचं लग्न गोव्याला आहे, ओझरहून तिकीट आता काढू की भाव उतरायची वाट बघू?

शरणपूर रोडची तिकीटवाली

तुमच्या तारखेला एकच विमान दिसत असेल तर आजच काढा, त्याला खाली खेचणारं दुसरं कोणी नाही. दोन दिसत असतील तर आठवडाभर थांबायला हरकत नाही. आणि वऱ्हाड आहे म्हणता, तर जास्तीच्या सामानाचे पैसे आत्ताच ऑनलाइन भरा, काउंटरवर फार महाग पडतं.