स्क्यू-नॉर्मल फिट करताना अल्फा अनंताकडे पळतोय, ९९व्या पर्सेंटाइलचं विश्वासांतर कसं काढावं?

एका यंत्राच्या मोजमापातल्या चुकांची ६० निरीक्षणं आहेत. नमुन्याची विषमता ०.८२, शेपूट उजवीकडे. काही किंमती ऋण असल्यामुळे लॉग घेता येत नाही, आणि शिफ्ट करून लॉगनॉर्मल किंवा गॅमा लावला तर शिफ्ट किती घ्यायची हा नवाच प्रश्न उभा राहतो. म्हणून अझालिनी यांचं १९८५ चं स्क्यू-नॉर्मल घेतलं (नॉर्मल वितरणाचं एका बाजूला कललेलं रूप; कल किती हे अल्फा हे प्राचल ठरवतं). त्याची विषमता जास्तीत जास्त ०.९९५ च्या आसपास जाते, म्हणजे आपण मर्यादेत आहोत.

सायपाय या पायथन लायब्ररीच्या स्क्यूनॉर्म-फिटमध्ये अल्फा हजारोंत जातो आणि स्थान-प्राचल नेमकं सर्वात लहान निरीक्षणाला चिकटतं. थोडक्यात हाफ-नॉर्मलच (नॉर्मलचा फक्त उजवा अर्धा भाग) हाती येतं. सुरुवातीच्या किंमती मोमेंट्सवरून (नमुन्याची सरासरी, प्रसरण, विषमता) दिल्या (डेल्टा, म्हणजे अल्फाचंच −१ ते १ मधलं रूप, ०.९७६; अल्फा साधारण ४.५), तरी तेच. त्यामुळे दोष ऑप्टिमायझरचा नसून लाइकलिहूडचाच (दिलेल्या प्राचलांखाली ही निरीक्षणं किती संभाव्य याचं माप) आहे असं माझं मत आहे.

आर या सांख्यिकी भाषेच्या एसएन पॅकेजमध्ये दंडित लाइकलिहूड (टोकाच्या अल्फाला दंड लावणारं) लावल्यावर अल्फा ५ च्या जवळ थांबतो. पण अल्फाचं प्रोफाइल (प्रत्येक अल्फासाठी बाकीची प्राचलं जुळवून मिळणारं सर्वोच्च लाइकलिहूड) उजवीकडे जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे त्याच्या प्रमाण त्रुटीवर विसंबणं धोक्याचं. साध्या बूटस्ट्रॅपमध्ये (याच निरीक्षणांतून पुन्हा पुन्हा नमुने काढून फिट करणं) बऱ्याच नमुन्यांत अल्फा पुन्हा पळतो.

अल्फा स्वतः मला नको आहे, हवं आहे ते फक्त ९९वं पर्सेंटाइल आणि त्याचं ९५ टक्के विश्वासांतर. आणखी निरीक्षणं मिळणार नाहीत. अशा वेळी बूटस्ट्रॅपच्या प्रत्येक नमुन्यातही दंडित फिटच वापरावा, की पर्सेंटाइललाच प्राचल मानून थेट त्याचं प्रोफाइल लाइकलिहूड काढावं?