माणसांचे फोटो, रोजचा नेम: तुमचे अनुभव सांगा

गेल्या जूनपासून रोज एका तरी माणसाचा फोटो काढायचा असा नेम केला आहे. नोकरी सांभाळून, निव्वळ हौसेपोटी. तुमच्यापैकी कोण असं नेमाने करतं? कुणाचे फोटो काढता आणि काढून झाल्यावर त्यांचं काय करता? उत्तर देताना वर आपल्या गावाचं नाव लिहा. आधी माझं सांगतो, म्हापशाहून.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. हरमलची मिरची विकणाऱ्या एक आजी मला दिसल्या. पहिले तीन शुक्रवार मी कॅमेरा पिशवीतच ठेवला, नुसती मिरची घेतली. चौथ्या शुक्रवारी त्याच म्हणाल्या, "कॅमेरो हाडला मरे, काड मागीर" (कॅमेरा आणलायस ना, मग काढ). ताडपत्रीच्या निळ्या सावलीने चेहरा निळसर पडत होता, म्हणून त्यांना दोन हात पुढे, उघड्यावर बसायला सांगितलं. ५० मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) २.८. मला तो फोटो फार आवडला. ६ बाय ८ इंचांची प्रत काढून पुढच्या शुक्रवारी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "कानांतलीं दिसनात."

मी सुरकुत्या बघत होतो. त्यांना त्यांची कुडी दिसायला हवी होती. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पदर कानामागे खोचून त्या आधीच तयार बसल्या होत्या. दुसरा फोटो पहिल्यापेक्षा चांगला आहे, हे मी मनापासून सांगतो. तेव्हापासून प्रत हातात दिल्याशिवाय फोटो पूर्ण झाला असं मी धरत नाही.

मडगाव

आम्ही भाड्याने राहतो ते घर जुनं आहे. पुढच्या खोलीच्या खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं आहेत, लाकडी चौकटीत बसवलेली. त्यातून येणारा उजेड दुधासारखा असतो, सावलीला कड म्हणून राहत नाही. मी तिथे एक खुर्ची मांडून ठेवली आहे. घरी येईल त्याला विचारते: गॅसवाला, नळ दुरुस्त करणारा, भिशीच्या बायका. नाही म्हणाले तर चहा देते आणि विषय सोडते. खिडकी बंद असली की उजेड कमी पडतो, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १६०० पर्यंत न्यावा लागतो. त्यामुळे फोटोत थोडे दाणे दिसतात, दिसू देत. डोळ्यांच्या बाहुल्यांत त्या खिडकीचे बारीक चौकोन उमटतात. वर्षभरात ६३ माणसं झाली, सगळ्यांच्या डोळ्यांत तीच खिडकी आहे.

पेडणे

माझे मामा दशावतारात काम करतात. नाटक सुरू झाल्यावरचे फोटो सगळेच काढतात. मी फक्त रंगपटात काढतो. ट्रंकेवर टेकवलेला आरसा, वर एक बल्ब आणि मामा स्वतःच स्वतःला रंगवतात. अर्धा चेहरा रंगलेला, अर्धा अजून मामांचा, असा एक क्षण येतो. तेवढाच मला हवा असतो. फ्लॅश कधीच नाही. आणि एकदा मुकुट चढला की मी कॅमेरा खाली ठेवतो. त्यानंतर मामा कुणाशी बोलत नाहीत, मीही त्यांना हाक मारत नाही. चार जत्रा झाल्या, मनासारखे फोटो सात मिळाले.

वास्को

माझ्याकडे मोबाइलच आहे. सकाळी पदेर (पाववाला) येतो त्याच वेळी मी खाली असते, भोंपू वाजला की. एक कडू अनुभवही सांगते. मी काढलेला एका मासळीवालीचा फोटो कुणीतरी न विचारता दुकानाच्या फलकावर छापला. तिला ते तिच्या मुलाकडून कळलं आणि तिने मला विचारलं, "पैसे घेतलेस का गो?" घेतले नव्हते, पण मान वर करवेना. आता फोटो कुठे दाखवणार ते आधी सांगते. घरच्यांपुरता म्हणाल्या तर घरच्यांपुरताच ठेवते.

साखळी

माझा नेम ४१व्या दिवशी तुटला. जुलैत लेन्स कपाटात ठेवली होती, काढली तर आत बुरशीचं जाळं. आपल्याकडच्या पावसाळ्यात कापडी पिशवीत कॅमेरा ठेवूच नका. घट्ट झाकणाचा डबा, आत ओल शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये. एवढं पुरतं.

नेम तुटला त्याचं फार वाईट वाटलं. मग रोज ऐवजी दर रविवार केला आणि माणूस एकच, माझे वडील. कदंबमधून (गोव्याची सरकारी बससेवा) निवृत्त झालेले ड्रायव्हर. कॅमेऱ्याकडे बघ म्हटलं की ताठ होतात. म्हणून त्यांना सोप्यावर बसवून जुन्या मार्गाबद्दल विचारते, चोर्ला घाटातली वळणं, पावसातले प्रवासी. बोलता बोलता दोन्ही हात आपोआप स्टिअरिंग धरल्यासारखे वर येतात. मी आता चेहऱ्याऐवजी ते हातच काढते आहे.

म्हापसा (धागाकर्ता)

साखळीच्या ताई, त्या हातांची प्रत वडिलांना दाखवलीत का? काय म्हणाले ते जरूर लिहा. इकडे आजींनी काल आणखी एक प्रत मागितली, मुंबईच्या लेकीला पाठवायला. पैसे घेत नाही म्हटल्यावर पाव किलो मिरची पिशवीत घातली.