मदत हवी आहे: बागेच्या मातीत मुरलेला कुत्र्याच्या शूचा वास कसा घालवावा?

आमचा कुत्रा आता म्हातारा झालाय. सांधे दुखतात, लांब चालवत नाही, त्यामुळे त्याचं सगळं मागच्या बागेतच उरकतं. शी आम्ही लगेच उचलतो, तिचा त्रास नाही. त्रास शूचा आहे. भिंतीलगतचा एक पट्टा त्याने कायमचा धरलाय आणि ऊन तापलं की तिथून नाकात झोंबणारा वास येतो. पाऊस पडला की जरा बरं वाटतं, पण हवा दमट झाली की पुन्हा तेच. शेजाऱ्यांची खिडकी त्याच बाजूला उघडते. ते काही बोलत नाहीत, पण मलाच फार वाईट वाटतं.

त्याला तिथून हुसकायचं नाही, या वयात तेवढीच जागा त्याला सोयीची आहे. वास जावा, पण त्याच्या पायांना किंवा पोटाला अपाय होऊ नये आणि जवळची झाडंही जगावीत, असा उपाय हवाय. कुणी चुना सांगतं, कुणी फिनाइल, कुणी ब्लीच. एन्झाइमचे क्लीनर मातीवर चालतात का? की मातीच काढावी लागेल?

प्रतिसाद १:
ब्लीच अजिबात नको. शूमधल्या अमोनियाशी त्याचा संयोग झाला की क्लोरामाइनचे विषारी वायू तयार होतात, आणि कुत्र्याचं नाक जमिनीलगतच असतं. फिनाइल वास फक्त झाकतं आणि पंजे चाटताना पोटात जातं. मांजरांना तर त्याची बाधा फार लवकर होते.

चुन्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो. ताज्या शूला एवढा उग्र वास नसतो. त्यातल्या युरियाचं मातीतले जिवाणू विघटन करतात, तेव्हा अमोनिया तयार होतो. माती आम्लधर्मी असेल तर त्यातला बराचसा अमोनियम होऊन मातीतच राहतो. अल्कधर्मी झाली की तो वायू होऊन बाहेर पडतो. चुन्याने माती अल्कधर्मी होते, म्हणजे वास उलट वाढतो. शिवाय ताज्या चुन्याने पंजे भाजतात. खायच्या सोड्याचंही तसंच, वर त्यातलं सोडियम झाडांना मारक. व्हिनेगर अमोनियाला बांधतं खरं, पण मुळं जाळतं, म्हणून ते फरशीपुरतंच ठेवा. आणि ब्लीच वापरलेल्या जागी तर चुकूनही नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

एक विचारतो, तो पाय वर करून भिंतीवर करतो का? तसं असेल तर आधी भिंत हुंगून बघा.

धागाकर्ती:
हो, भिंतीवरच करतो! आत्ता जाऊन बघितलं. खालचा गिलावा मातीपेक्षा जास्त वास मारतोय. माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. आता भिंतीचं काय करू?

प्रतिसाद १:
एन्झाइमचा क्लीनर खरा तिथे कामाचा. आधी साध्या पाण्याने धुवा, मग क्लीनर भरपूर ओता आणि भिंत बराच वेळ ओली राहू द्या; वाळला की त्याचं काम थांबतं. म्हणून संध्याकाळी करा. सोबत साबण किंवा जंतुनाशक नको, त्याने क्लीनरमधले वास तोडणारे एन्झाइम आणि जिवाणू निकामी होतात. भिंत पूर्ण वाळली की तिला पाणी न शोषणारा लेप द्या, नाहीतर पुन्हा मुरणारच.

मातीचा वरचा वीतभर थर काढा. खाली निचरा होतोय ना ते पाहा, पाणी तुंबत असेल तर वास परत येणारच. मग गोल, बारीक खडी भरा, टोकदार नको, त्याचे सांधे दुखतात म्हणालात. शू झाली की लगेच बादलीभर पाणी, बस. खडी नको असेल तर लाकडाचा भुसा किंवा चिपा घाला. त्या कुजताना जिवाणू नत्र ओढून घेतात, त्यामुळे अमोनिया कमी सुटतो. मात्र त्या अधूनमधून बदलाव्या लागतात. कोकोच्या (नारळाच्या नव्हे, चॉकलेटच्या बियांच्या) टरफलांचं आच्छादन मिळतं ते टाळा, कुत्र्यांना ते विषारी आहे.

प्रतिसाद २:
वरचं सगळं पटलं. काढलेली माती आणि चिपा भाजीच्या वाफ्यात मात्र टाकू नका. शी उचलली तरी थोडी मातीत राहतेच, आणि तिच्यातून आलेली गोलकृमींची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. घरच्या कंपोस्टला ती मरण्याइतकी उष्णता सहसा येत नाही.

आणि ताई, त्याची ताजी शूच उग्र वास मारत असेल, किंवा तो अलीकडे जास्त वेळा जात असेल, तर एकदा लघवी तपासून घ्या. या वयात मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार होतात. वास कमी करायला त्याचं पाणी तोडू नका, आणि लघवी बदलणारी पूरकं डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, मुतखड्याचा धोका असतो.

धागाकर्ती:
जास्त वेळा जातो, हो. मी ते वयाचं समजत होते. उद्याच नमुना घेऊन जाते. भिंत आज संध्याकाळी धुते. लेप देताना त्याला किती वेळ तिथून लांब ठेवावं, हे कुणी सांगू शकेल का?